लिफ्ट गेली, रांग उरली

रात्री बॅकअप सुरू झाला की एका पतसंस्थेच्या मोबाइल ॲपवर शिल्लक दिसेनाशी व्हायची. सर्व्हरमध्ये एनव्हीएमई एसएसडी, प्रोसेसर निवांत, रोजच्या अहवालात सरासरी लेटन्सी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत. डिस्क ठणठणीत आहे, असा निर्वाळा दोघांनी दिला होता. त्यातला एक मी. मग एके रात्री ॲप अडकलेले असतानाच कोणती रिक्वेस्ट आधी सोडायची हे ठरवणारा शेड्युलर कोणता, ते सांगणारी कर्नलची एका ओळीची फाइल उघडून पाहिली. चौकटी कंसात ‘नन’. म्हणजे कर्नलकडे आलेली रिक्वेस्ट आली तशी ड्राइव्हच्या गळ्यात.

‘एसएसडीला शेड्युलर लागत नाही’ हे वाक्य आपल्याकडे सुविचारासारखे फिरते. जुन्या अर्थाने ते खरेच आहे. ७२०० आरपीएमच्या तबकडीला एका फेऱ्यासाठी ८.३ मिलिसेकंद लागतात. तिथे डोके इकडून तिकडे पळवण्यापेक्षा लिफ्टसारखे ओळीने मजले घेण्यात शहाणपण होते. फ्लॅशला डोकेच नाही. लिनक्सने २०१९ मध्ये ५.० आवृत्तीत सीएफक्यूसह जुने शेड्युलर काढून टाकले, त्याचे दुःख करायचे कारण नाही.

पण रांग संपली कुठे? नॅंडमधले पान वाचायचे काम साधारण शंभरेक मायक्रोसेकंदांच्या आत उरकते, लिहायला काही शे मायक्रोसेकंद जातात, आणि ब्लॉक पुसायचा तर गोष्ट मिलिसेकंदांवर जाते. ज्या डायवर पुसणे चालू आहे, त्याच डायवरचे काही वाचायचे असेल तर वाचन ताटकळते. (काही ड्राइव्ह पुसणे मध्येच थांबवून वाचन आधी उरकतात, सगळे नाही.) आमच्याकडे डेटाबेसचा डंप त्याच ड्राइव्हवर उतरत होता. साटाच्या रांगेत ३२ रिक्वेस्ट मावत. एनव्हीएमईच्या एकेका रांगेची मर्यादा ६४ हजारांपर्यंत जाते. लेखनाचा सगळा लोंढा आत, आणि सभासदाची चार केबीची शिल्लक त्याच्या मागे. ड्राइव्हच्या हवाली केलेले काम परत मागून क्रम लावता येत नाही. आवर घालायचा तो उंबऱ्याच्या अलीकडेच.

२०१७ मध्ये लिनक्सच्या ४.१२ आवृत्तीत आलेला कायबर हा शेड्युलर नेमके हेच करतो. वाचनासाठी २ आणि लेखनासाठी १० मिलिसेकंद ही त्याची मूळ लक्ष्ये. वाचन रेंगाळू लागले की तो लेखनाचा कोटा आखडतो. आम्ही तो लावला. शिल्लक दिसू लागली, बॅकअप थोडा लांबला, त्याची तक्रार कोणी केली नाही.

पण म्हणून सगळीकडे कायबर लावत सुटू नका. सेकंदाला लाखो रिक्वेस्ट झेलणाऱ्या ड्राइव्हवर शेड्युलरचाच भार प्रोसेसरला जाणवतो, तिथे ‘नन’ बरा. एमक्यू-डेडलाइन या दुसऱ्या शेड्युलरची वाचनाची मूळ मुदत ५०० मिलिसेकंद आहे. फ्लॅशच्या हिशेबात ते युगच. आधी मोजा. कोऱ्या ड्राइव्हवर दोन मिनिटे एफआयओ चालवून आलेला आकडा कॅटलॉगपुरता ठीक. ड्राइव्ह भरलेला असू द्या, वाचन-लेखन एकत्र सोडा, गार्बेज कलेक्शन सुरू होईपर्यंत थांबा आणि सरासरी झाकून ९९.९ वा पर्सेंटाइल पाहा.

बदल जमला तर तो यूडेव्हच्या नियमात लिहून ठेवा. आम्ही लिहिला नव्हता. पुढच्या रीबूटनंतर त्याच रात्री शिल्लक पुन्हा गायब.