सिनेमा त्यांचा, गर्दी दुसऱ्याच्या दारात : अर्धवट गोष्ट व्हायरल होते तेव्हा

विश्लेषण

एकेकाळी सिनेमाची जाहिरात म्हणजे तालुक्याच्या गावात भोंगा लावून फिरणारी रिक्षा आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरचं पोस्टर. सिनेमा कुठला, हिरो कोण, खेळ किती वाजता, सगळं त्यात असायचं. आता मोबाईलवर उलटं चालतं. नाव नाही, हिरो नाही, नुसती एक तारीख आणि धुरकट चित्र. बाकीचं लोकांनी ओळखायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची! लोक अंदाज बांधतात, एकमेकांना पाठवतात आणि जाहिरात फुकटात होते.

यात सिनेमावाल्यांचा फायदा सरळ आहे. पण ज्याचा त्या सिनेमाशी काडीचा संबंध नाही, असा माणूस किंवा अख्खं गाव यात ओढलं गेलं तर? हे घडलेलं आहे. अमेरिकेत घडलं, चेन्नईत घडलं. आणि अर्धवट व्हिडिओवर विश्वास ठेवण्याची किंमत आपल्या महाराष्ट्राने तर जिवांनी मोजली आहे.

नाव नसलेला सिनेमा

जुलै 2007. अमेरिकेत 'ट्रान्सफॉर्मर्स' लागला. त्याच्या आधी एक जाहिरात दाखवली गेली. न्यूयॉर्कमध्ये पोरांची पार्टी चालू आहे, मोठा स्फोट होतो आणि स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं मुंडकं उडून रस्त्यावर येऊन पडतं. शेवटी निर्माता जे. जे. अब्राम्स यांचं नाव आणि 18 जानेवारी 2008 ही तारीख. सिनेमाचं नावच नाही.

झालं, लोक इंटरनेटवर शोधायला लागले. जाहिरातीत एक जण ओरडतो, "इट्स अलाईव्ह", म्हणजे ते जिवंत आहे. काहींनी ऐकलं, "इट्स अ लायन". मग सिंहाच्या आकाराच्या यंत्रमानवांचं 'व्होल्ट्रॉन' नावाचं कार्टून आहे, त्यावरच हा सिनेमा आहे अशी आवई उठली. कोणी म्हणालं गॉडझिला येतोय.

त्याच सुमारास 'इथन हास वॉज राईट' नावाची कोड्यांची एक वेबसाईट लोकांना सापडली. जगबुडीची भाषा, गूढ चिन्हं. लोकांनी ठरवूनच टाकलं की ही त्याच सिनेमाची. बघता बघता ती साईट जगभर गेली. शेवटी अब्राम्स यांनाच सांगावं लागलं की तिचा आमच्याशी संबंध नाही. ती साईट 'अल्फा ओमेगा' नावाच्या, टेबलाभोवती बसून खेळायच्या एका खेळाची निघाली. त्या खेळवाल्यांना दुसऱ्याच्या वरातीत आपलं नाव मिरवायला मिळालं.

सिनेमाचं नाव पुढे कळलं, 'क्लोव्हरफिल्ड'. खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर, जगभरातली कमाई सुमारे 17 कोटी डॉलर. म्हणजे इथे चुकून व्हायरल झालेल्याचंही भलं झालं. दरवेळी असं होत नाही.

दोनशे लोकांचं गाव

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात बर्किट्सव्हिल नावाचं गाव आहे. लोकसंख्या दोनशेच्याही आत, आपल्याकडच्या एखाद्या वाडी-वस्तीएवढी. 1999 साली 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' सिनेमा आला. तीन विद्यार्थी चेटकिणीचा शोध घ्यायला जंगलात जातात, बेपत्ता होतात आणि नंतर त्यांनी काढलेलं शूटिंग सापडतं, अशी गोष्ट. सिनेमा यायच्या आधी वेबसाईटवर ही घटना खरी असल्यासारखी मांडली. तिघे बेपत्ता असल्याची पत्रकं वाटली. कलाकारांची खरी नावंच सिनेमात ठेवली होती. लोकांचा इतका विश्वास बसला की सिनेमातल्या मुलीच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. पोरगी मात्र जिवंत, धडधाकट.

चेटकिणीचं गाव म्हणून सिनेमात बर्किट्सव्हिलचं नाव घेतलं होतं. दंतकथा पूर्ण बनावट. जंगलातलं बरंचसं शूटिंगही दुसरीकडचं. पण हौशे-गवशे-नवशे गाड्या घेऊन त्या गावात धडकले. रात्री-अपरात्री स्मशानात फिरू लागले. गावाच्या नावाच्या पाट्या आठवण म्हणून चोरून नेल्या. शूटिंगचा खर्च 60 हजार डॉलरच्या आसपास आणि कमाई 24 कोटी डॉलरच्या वर. ताप मात्र गावाच्या वाट्याला.

एक फोन नंबर

आपल्या देशातलं ताजं उदाहरण तमिळ सिनेमा 'अमरन'चं आहे. 31 ऑक्टोबर 2024 ला तो लागला. इथे गुपित काही नव्हतं, पण एका प्रसंगात नायिकेचा म्हणून दाखवलेला मोबाईल नंबर चेन्नईतल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा निघाला. लोकांनी नायिकेशी बोलायला म्हणून फोनचा सपाटा लावला. झोप नाही, अभ्यास नाही. नंबर बदलावा तर तोच आधारला, बँकेला जोडलेला. शेवटी त्याने वकिलामार्फत 1 कोटी 10 लाखांची भरपाई मागणारी नोटीस पाठवली. निर्मात्यांनी माफी मागितली आणि तो नंबर दिसणार नाही अशी व्यवस्था केली.

शेतकऱ्याने यात स्वतःला ठेवून बघावं. पीएम किसान, पीक विमा, बँक, गॅस, सगळे ओटीपी एकाच नंबरवर येतात. तो नंबर उद्या असा उघडा पडला तर बंद तरी कसा करणार?

राईनपाड्याचा धडा

हे सगळं सिनेमाचं झालं, असं म्हणून सोडून देता येत नाही. पाकिस्तानात कराचीच्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी एक जाहिरात केली होती. मोटारसायकलवरचे दोघे एका पोराला उचलून नेतात, पण लगेच परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवटच कापला. राहिलं फक्त पोर उचलून नेणं. 2018 साली तो तुकडा 'मुलं पळवणारी टोळी' म्हणून भारतभर फिरला. त्याच्या जोडीला असेच कितीतरी मेसेज होते.

1 जुलै 2018, आठवडी बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. पोट भरायला आलेली माणसं. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

सिनेमावाला अर्धी गोष्ट मुद्दाम ठेवतो, कारण उरलेली अर्धी लोक स्वतः भरतात. तीच सवय अफवेच्याही कामाला येते. जाहिरातीत सिंह ऐकू आला, तर हसून सोडता येतं. बाजारात अनोळखी माणसात चोर दिसला, तर जीव जातो.

मग करायचं काय?

मेसेजवर दोन बाण दिसले की तो बऱ्याच हातांतून आलाय हे ओळखावं. व्हिडिओ तुटक असेल तर आधी विचारावं, याच्या आधीचं आणि पुढचं कुठाय? 'आपल्या तालुक्यातला आहे' असं लिहून आलं, तर तिथल्या पोलीस पाटलाला किंवा ओळखीच्या माणसाला एक फोन करावा. दोन मिनिटांचं काम आहे.

स्वतःचा फोटो, नंबर किंवा घर व्हायरल झालं तर कमेंटमध्ये भांडत बसू नये, त्याने ते आणखी पसरतं. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढावेत, ॲपमधल्या 'रिपोर्ट'वरून तक्रार टाकावी आणि पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करावी. पैशाची फसवणूक झाली असेल तर 1930 वर लगेच फोन करावा.

आणि गावात शूटिंगला कोणी आलं तर स्वागत जरूर करावं. पोरांना चार पैसे मिळतात, गावाचं नावही होतं. पण ग्रामपंचायतीने आधी लेखी घ्यावं की गावाचं खरं नाव दाखवणार का, कशासाठी दाखवणार, कोणाचं घर, देऊळ, नंबर पडद्यावर येणार का. सिनेमा दोन आठवड्यांत थेटरातून जातो. गावाला चिकटलेलं नाव इतक्या लवकर निघत नाही.