आत्याचा आजार, भाचीचा धोका

स्तनाच्या कर्करोगाचे निदान एका स्त्रीला झाले, की तिच्या रक्ताच्या नात्यातील स्त्रियांच्या मनात उमटणाऱ्या प्रश्नाला, घर अंधेरीच्या सोसायटीतले असो की घाटकोपरच्या चाळीतले, साधारणपणे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. ‘घराण्यात शिरलं, आता लेकीबाळींनाही व्हायचंच’ हे पहिले, आणि ‘आमच्याकडे कुणालाच नव्हतं, हिच्याच नशिबी आलं’ हे दुसरे. ही उत्तरे परस्परविरोधी दिसत असली, तरी कर्करोग घराण्यात एक तर असतो किंवा नसतो, ही एकच समजूत दोहोंच्या मुळाशी आहे. ही समजूत चुकीची आहे. नातेवाइकांचा धोका मोजता येतो, तो नात्यागणिक कमीजास्त होतो, बऱ्याचदा वडिलांच्या बाजूने येतो, आणि तो मोजण्यासाठी लागणारी बहुतेक माहिती रुग्णाच्या घरातच असते. उणीव आहे ती ती विचारण्याची.

पहिल्या पूर्वपक्षाचा विचार आधी करणे योग्य, कारण त्याने घरातील मुलींचे वर्षानुवर्षांचे मनःस्वास्थ्य हिरावून घेतले आहे. २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ५२ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करणारे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात हा रोग झालेल्या ५८ हजारांहून अधिक आणि न झालेल्या एक लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. आई, सख्खी बहीण किंवा मुलगी या प्रथम श्रेणीच्या नात्यांतील एकीला रोग झालेला असल्यास धोका १.८ पट, दोघींना असल्यास २.९ पट आणि तिघींना असल्यास ३.९ पट होतो, असे त्यात आढळले. ‘जवळजवळ दुप्पट’ हे शब्द ऐकताच घाबरून जाणाऱ्याने मूळ प्रमाण किती, हेही विचारले पाहिजे. विकसित देशांत वयाच्या विसाव्या ते ऐंशीव्या वर्षापर्यंत हा रोग होण्याचे प्रमाण, जवळच्या नात्यात रुग्ण नसलेल्या शंभर स्त्रियांत सुमारे ८, एक रुग्ण असलेल्यांत सुमारे १३ आणि दोन रुग्ण असलेल्यांत सुमारे २१ असे निघाले. भारतात मूळ प्रमाणच त्याहून कमी आहे. म्हणजे आईला रोग झालेल्या शंभर मुलींपैकी पंच्याऐंशीहून अधिक मुलींना तो होत नाही.

दुसऱ्या पूर्वपक्षाचे खंडनही याच विश्लेषणात आहे. रोग झालेल्या दर नऊ स्त्रियांपैकी आठ जणींच्या आई, बहीण वा मुलीला तो झालेला नव्हता. त्यामुळे ‘आमच्याकडे नाही’ म्हणून स्तनातील गाठ अंगावर काढणाऱ्या स्त्रीला घराण्याच्या इतिहासाचे कसलेही संरक्षण नसते. शिवाय घराण्यात जे वाहत येते ते केवळ रक्त नसते. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली, डॉ. दा. ज. जस्सावाला यांनी तिच्या आधारे केलेल्या अभ्यासांत पारशी स्त्रियांमध्ये या रोगाचे प्रमाण शहरातील इतर समाजांपेक्षा अधिक आढळले, आणि त्याची कारणे शोधताना उशिराचे लग्न, कमी अपत्ये अशा राहणीच्या गोष्टींकडेही लक्ष गेले. आज मुलुंड-बोरिवलीतील नोकरदार कुटुंबांची राहणी त्याच दिशेने सरकत असताना, आजीला नव्हते म्हणून नातीला होणार नाही, या अनुमानाला आधार उरत नाही.

मात्र काही घराण्यांत धोका खरोखरच फार मोठा असतो, आणि तेथे ‘घाबरू नका’ एवढेच सांगणे हा अपराध ठरेल. अशा घराण्यांतील वारसा बहुधा एकाच सदोष जनुकाचा असतो. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी शंभरात पाच ते दहा असे असतात. पेशीतील डीएनएला झालेली इजा दुरुस्त करण्याचे काम ज्यांच्याकडे असते, अशा जनुकांपैकी बीआरसीए १ चे स्थान सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखविले. ते जनुक १९९४ साली आणि बीआरसीए २ त्यानंतरच्या वर्षी प्रत्यक्ष हाती लागले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार, बीआरसीए १ मधील दोष असलेल्या स्त्रीला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ७२ टक्के आणि अंडाशयाचा होण्याची ४४ टक्के असते. बीआरसीए २ बाबत हे आकडे ६९ आणि १७ टक्के आहेत. बीआरसीए २ मधील दोष पुरुषालाही सोडत नाही: त्याला प्रोस्टेटचा आणि, क्वचित का होईना, स्तनाचाही कर्करोग होऊ शकतो.

येथे सर्वांत हानिकारक समजूत समोर येते: हा बायकांचा आजार, तेव्हा तो आईकडूनच येणार. दोष असलेले जनुक आईकडून जितक्या शक्यतेने येते तितक्याच शक्यतेने वडिलांकडून येते. प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. वडील स्वतः ठणठणीत राहून आपल्या आईचा वारसा मुलीपर्यंत पोहोचवू शकतात. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी मोठ्या कष्टाने छापून घेतलेले कुलवृत्तान्त या कामी उपयोगी पडावेत अशी अपेक्षा होते. पण त्यांत वंश पुरुषाकडून पुरुषाकडे चालतो, दिल्या घरी गेलेली आत्या सासरच्या आडनावात नाहीशी होते आणि तिच्या मुलींचा माग तर लागतच नाही. आनुवंशिकतेच्या समुपदेशकाचा कागद निराळा असतो. त्यात पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, रोग झालेल्यांचे चिन्ह काळे केलेले, निवर्तलेल्यांवर तिरपी रेघ, आणि शेजारी रोग कितव्या वर्षी झाला तो आकडा. या कागदावर आत्याचे वर्तुळ मावशीच्या वर्तुळाइतकेच मोलाचे असते. तो भरताना घरातल्या जुन्या बोलण्याकडेही नीट कान द्यावा लागतो. ‘पोटात पाणी होऊन गेली’ असे जिच्याबद्दल सांगितले जाते, त्या आजीला क्षयाने किंवा यकृताच्या विकाराने मृत्यू आलेला असू शकतो, तसाच निदान न झालेल्या अंडाशयाच्या कर्करोगानेही. आणि तिच्या नातीला पस्तिशीत स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ते एक वाक्य घराच्या सगळ्या इतिहासाचा अर्थ बदलून टाकते.

‘कळून करायचे काय? नुसता घोर लागतो, मुलीचे स्थळ मोडते’ हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, कारण त्यामागची भीती खरी आहे. परंतु करण्यासारखे काही नाही, हा त्याचा आधार खोटा आहे. दोष असल्याचे कळलेल्या स्त्रीची एमआरआय तपासणी पंचविशीपासून दरवर्षी करता येते. मुले झाल्यावर, बीआरसीए १ असल्यास पस्तीस ते चाळीस या वयात, अंडाशय व बीजवाहिन्या काढून टाकल्या तर अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटतो. या कर्करोगाला वेळेत पकडणारी भरवशाची चाळणी अजून नसल्यामुळे या शस्त्रक्रियेचे महत्त्व विशेष आहे. यांपैकी काय करायचे आणि काय नाही, हे त्या स्त्रीनेच ठरवायचे. ‘मला कळायला नको’ म्हणण्याचा अधिकारही तिचाच, पण तो सासू, भाऊ किंवा नवरा यांनी तिच्या वतीने वापरायचा नसतो. अहवालामुळे विमा नाकारला जाईल या भीतीत मात्र तथ्य आहे. आनुवंशिक विकारांच्या नावाखाली आरोग्यविम्याचा दावा सरसकट नाकारणे भेदभावाचे आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले. तरी अमेरिकेने २००८ साली केला तसा स्वतंत्र कायदा भारतात अजून झालेला नाही आणि तो व्हायला हवा.

हल्ली आणखी एक चूक वाढत आहे. बहिणीला कर्करोग झाला म्हणून निरोगी बहीण जनुकीय तपासणीसाठी परस्पर रक्त देऊन येते, अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि घर निश्चिंत होते. वस्तुतः तपासणी प्रथम रुग्णाची झाली पाहिजे. रुग्णात दोष सापडला आणि तोच निरोगी बहिणीत नसला, तरच तो वारसा तिला मिळाला नाही असे म्हणता येते. रुग्णाची तपासणीच झालेली नसेल, तर बहिणीचा कोरा अहवाल फारसे काही सांगत नाही. कधी अहवालात ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असेही येते, आणि जगातील जनुकीय माहितीसाठे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून तयार झालेले असल्यामुळे भारतीयांच्या वाट्याला असे अहवाल अधिक येतात. त्यांवरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे चूक आहे.

मंडनपक्षाची मागणी साधी आहे. तिशीपुढील व्यक्तींच्या असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीसाठी आशा सेविका जी सूची भरून घेतात, तीत स्तनातील गाठीविषयी विचारले जाते. पण कौटुंबिक इतिहासाचा प्रश्न उच्च रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांपुरता आणि नाती आई-वडील व भावंडे यांपुरती आहेत. त्यात कर्करोग, आत्या, मावशी आणि दोन्हीकडच्या आज्या यांची भर घालण्यास एका ओळीची जागा पुरेल. असे काम साध्या कार्यकर्त्यांकडून होणार नाही, हा आक्षेप परळच्या टाटा रुग्णालयानेच खोडून काढला आहे: डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, अल्प प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे रोग आधीच्या टप्प्यावर सापडू लागला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. गाठ ओळखायला शिकणारी कार्यकर्ती वंशवृक्षही काढायला शिकू शकते. रुग्ण उपचारासाठी मुलुंडहून परळला, बोरिवलीहून प्रभादेवीला लोकलने येईल. निरोगी भाची त्यासाठी रजा टाकून येणार नाही, म्हणून समुपदेशक आठवड्यातून एक दिवस तरी राजावाडी, भगवतीसारख्या उपनगरांतील पालिका रुग्णालयांत बसला पाहिजे. आणि ज्या रुग्णात दोष सापडेल तिच्या हाती अहवालाबरोबर नातेवाइकांसाठी मराठीत लिहिलेले एक पत्र द्यावे, ज्यात जनुकाचे नाव, सापडलेला नेमका बदल आणि कोणकोणत्या नात्यांनी तपासणी करून घ्यावी हे स्पष्ट असेल, म्हणजे नाशिकचा चुलतभाऊ किंवा न्यू जर्सीतली भाची तेच पत्र आपल्या डॉक्टरपुढे ठेवून फक्त त्या एका बदलासाठी रक्त तपासून घेऊ शकेल.