आकडा खरा, अर्थ खोटा



2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, घरीच असणाऱ्या स्त्रियांपेक्षा कमावत्या स्त्रियांनी मारहाण झाल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. ‘बाई कामाला जाते, म्हणून मार खाते,’ असा अर्थ काढणाऱ्यांना माझा सवाल आहे: आधी काय घडले? नवरा दारूत पैसे उडवतो, मारतो, म्हणूनही बाई मजुरीला जाते. गरिबी तिला कामाला धाडते. गरीब घरांतच मारहाणीच्या नोंदीही जास्त आहेत. शिवाय कमावती बाई झालेला मार मोकळेपणी सांगतही असेल. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. शिबिरात आकडे मांडताना आपण हे तपासलेच पाहिजे. नाहीतर मारणारा सुटतो आणि तिचा रोजगार आरोपी ठरतो.