रक्तातला आकडा आणि डोळ्यातला पडदा

मधुमेह ही साखरेची व्याधी, एवढेच आपण सर्वसाधारणपणे जाणतो. ती बारीक रक्तवाहिन्यांचीही व्याधी आहे, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, ती मुकाट्याने आपले काम करीत असते. वाहिन्या झिरपू लागतात, काही बुजतात, मग नव्या ठिसूळ वाहिन्या उगवतात आणि त्यांतून रक्तस्राव होतो. गंमत अशी (गंमत कसली, दुर्दैवच!) की तोवर रोग्याला बहुधा स्वच्छ दिसत असते.

या बिघाडात दाहाचा हात असावा, हा तर्क जुना आहे. संधिवातासाठी ॲस्पिरिनच्या जातीची औषधे घेणाऱ्या मधुमेह्यांत हा नेत्रविकार कमी दिसतो, असे निरीक्षण पॉवेल आणि फील्ड यांनी १९६४ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडले. पुढे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले की मधुमेहात पांढऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांना चिकटून वाट अडवतात. मग दाहाच्या खुणा रक्तात शोधाव्यात, हे ओघानेच आले. सी. आर. पी. ही एक खूण. दुसरीला तर वेगळा पैसाही पडत नाही. नेहमीच्या रक्तगणनेतील न्यूट्रोफिलांच्या आकड्याला लिम्फोसाइटांच्या आकड्याने भागायचे. ६० ला ३० ने भागले की २. नेत्रविकार जडलेल्या मधुमेह्यांत हे गुणोत्तर सरासरीने जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

या 'सरासरीने' शब्दापाशी वाचकांनी जरा थांबावे. गळू झाले, ताप आला, स्टेरॉइडची गोळी घेतली, तरी हा आकडा हलतो. समूहाविषयी तो काही सांगेल. समोर बसलेल्या एका माणसाच्या डोळ्याविषयी त्याची साक्ष फार कच्ची. ॲस्पिरिनचीही पुढे हीच गत झाली. अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली आले. रोज ६५० मिलिग्रॅम घेऊनही विकाराची वाढ थांबली नव्हती. तर्क सुंदर असला म्हणून उपाय लागू पडतोच असे नाही.

हे सारे लिहिण्याचे कारण इंदूरचे विजयनगर. मराठी माणसाला इंदूर म्हटले की राजवाडा आणि सराफा आठवतो. विजयनगर हा त्या शहराचा नवा, रुंद रस्त्यांचा भाग. माझे एक मामा तेथे राहतात. मधुमेह बारा वर्षांचा. त्यांनी मोठ्या कौतुकाने रक्ततपासणीचे बाड माझ्यापुढे ठेवले. पानोपानी आकडे, सी. आर. पी. सुद्धा! डोळे कधी दाखवलेत, असे विचारताच म्हणाले, "अरे, पेपर तर बरोबर वाचतो मी!" १८७८ पासून वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या शहरातल्या सुशिक्षित माणसाचे हे उत्तर. आपल्या गावी वेगळे मिळेल, असे मला वाटत नाही.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत चाळिशीपुढील मधुमेह्यांपैकी सुमारे १२.५ टक्क्यांना हा विकार आढळला. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या दृष्टिपटलावर कापाकापीवाचून नुसत्या पाहता येतात. असे असता आपण रक्तातले आडवळणाचे पुरावे विकत घेत बसतो, याला काय म्हणावे? संशोधकांनी ते जरूर तपासावेत. उद्या कोणाला आधी बोलवायचे, हे ठरवायला त्यांचा उपयोग होईलही. पण आज नियम साधा आहे: प्रौढपणी जडणारा मधुमेह ठरला की लगेच दृष्टिपटल पाहून घ्यावे आणि पुढे साधारण दर वर्षी. वेळेवर कळले तर साखर व रक्तदाब ताब्यात ठेवणे, लेसर, डोळ्यातील इंजेक्शने असे उपाय हाताशी आहेत.

महाविद्यालयांत रक्तगट तपासणीची शिबिरे हौसेने भरतात. पुढच्या शिबिरात प्राध्यापकांसाठी आणि पालकांसाठी एक नेत्रतज्ज्ञही बोलवावा. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास अंधुक दिसते, तेव्हा मंडळींना स्कूटरच्या मागे बसवून घरी पोचवणारी पोरे लागतील. ती मात्र आपल्याकडे भरपूर आहेत.