अर्थ कळला म्हणून भागत नाही

परवा चहा घेता घेता एक गृहस्थ मला ठणकावून सांगत होते, "अर्थ कळला ना? मग शब्द कुठेही ठेवा. क्रमाचे नियम ही मास्तरांची टूम!" मराठीपुरते त्यांचे म्हणणे खरेही वाटते. 'कोणी कोणाला पाहिले?' म्हणा की 'कोणाला कोणी पाहिले?' म्हणा, दोन्ही चालते. पण एका भाषेवरून साऱ्या भाषांचा न्याय करायचा?

बल्गेरियन घ्या. तिथे प्रश्नात दोन-तीन प्रश्नार्थक शब्द असले तर ते सगळेच वाक्याच्या तोंडाशी येतात. 'कोय कोगो विझदा?' म्हणजे 'कोण कोणाला पाहतो?' (हा 'कोय' म्हणजे 'कोण', आंब्याची नव्हे!) हेच 'कोगो कोय विझदा?' असे उलटले की बल्गेरियन माणसाच्या कानाला खटकते. कर्त्याचा 'कोय' आधी, हा नियम.

यावर आमचे गृहस्थ म्हणतील, बल्गेरियन नामांच्या विभक्ती गळाल्या, म्हणून कर्ता-कर्म ओळखायला क्रम लागतो. साफ चूक! नामांच्या गळाल्या, या शब्दांच्या नाहीत. 'कोय' कर्ता आणि 'कोगो' कर्म, हे रूपावरूनच कळते. गोंधळाला जागा नाही, तरी उलटा क्रम नको. शेजारच्या सर्बियनमध्येही असे शब्द पुढेच येतात, पण अशा साध्या प्रश्नात तिथे दोन्ही क्रम चालतात. 'कोणता प्राध्यापक, कोणते पुस्तक' असे ठरावीकांतून निवडून विचारायचे असेल, तर बल्गेरियनचा नियमही सैल होतो. इतका बारकावा कुठल्या मास्तराने शिकवला?

कॅथरिन रुडिन या अमेरिकन विदुषीने १९८८ साली एका लेखात या रचनेची नीट मांडणी केली. पण तो लेख छापण्याआधीही बल्गेरियन पोरे हा क्रम चुकत नव्हती. नियम बोलणाऱ्यांच्या जिभेवर होता.

म्हणून माझा राग आहे तो वेगळाच. आमच्याकडे पेडण्याची, सत्तरीची बोली 'जतन' करायची म्हणजे शब्द आणि म्हणी वहीत उतरवायच्या. म्हाताऱ्या माणसांना 'हे असे म्हणतात का?' एवढेच विचारायचे. 'असे म्हटले तर चालेल का?' हे कोण विचारतो? 'चालणार नाही' या उत्तरातच व्याकरण असते, आणि ते सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. मग उरेल ती नुसती शब्दांची यादी. तिला भाषा म्हणायला मी तयार नाही.