पेठ आणि वाट

नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, अशी परंपरागत समजूत आहे. सातवाहनकाळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटाने वर चढे आणि जुन्नरमार्गे प्रतिष्ठानाकडे जाई. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत धान्यव्यापारी, कासार आणि बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. दानाच्या ठेवीही अशा श्रेणींकडे सोपविल्या जात. एवढी जुनी पत असलेल्या गावाची पेठ आज भर दुपारी सुनी का दिसावी?

मोबाइलवरील खरेदीने धंदा बुडविला, हे तयार उत्तर सर्वांच्या ओठांवर असते. ते खोटे नाही. पण दुखणे त्याहून पुष्कळ जुने आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून आगगाडी धावू लागली. नाणेघाट या दोहोंच्या मधोमध राहिला आणि बैलांच्या तांड्यांचे दिवस सरले. पुढे मोटारींचा पुणे-नाशिक रस्ता मंचर, नारायणगाव, आळेफाटा असा गेला. जुन्नर त्या रस्त्यापासून सुमारे १५ किलोमीटर पश्चिमेला उरले. तालुक्याची कचेरी जुन्नरात राहिली, उलाढाल मात्र हमरस्त्याकडे सरकली.

यात पैशाचा एक साधा स्वभाव दिसतो. तो ज्या गावात हातात पडतो, त्याच गावात बहुधा प्रथम खर्च होतो. १९६३ च्या कायद्यानंतर शेतमालाची खरेदी-विक्री बाजार समित्यांच्या आवारांत जाऊ लागली. नारायणगावचा टोमॅटोचा उपबाजार तर राज्यभर प्रसिद्ध आहे. तेथे पट्टी हाती आलेला शेतकरी बियाणे, औषधे, ठिबकच्या नळ्या तेथेच घेतो आणि जाता जाता घरासाठी कापडही. जुन्नरच्या कापडदुकानदाराने भाव कितीही कमी ठेवला, तरी ते गिऱ्हाईक त्याच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाही.

आंबेगावची कथा याहून करुण. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यात मूळ आंबेगावच बुडाले. तालुक्याला नाव त्याचे, कचेरी घोडेगावात आणि मोठी बाजारपेठ मंचरला.

आता काळाने हमरस्त्यावरच्या पेठांकडेही मोहरा वळविला आहे. मंचर आणि नारायणगाव या दोन्ही गावांना वळसा घालणारे बाह्यवळण रस्ते झाले. कोंडी फुटली, हे चांगलेच झाले. परंतु येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चालणारी उपाहारगृहे, फळांची व मिठाईची दुकाने यांना त्याची झळ लागणे अटळ आहे. सराफ, भुसार व कापड यांचे गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतले असते. ते वळणाने तुटत नाही. म्हणून ‘पेठ बसली’ असे सरसकट म्हणण्यापूर्वी कोणता धंदा कोणाच्या भरवशावर उभा होता, हे पाहिले पाहिजे.

अमेरिकेत १९५६ साली मिनियापोलिसजवळ साउथडेल नावाचे बंदिस्त, वातानुकूलित व्यापारसंकुल उभे राहिले. व्हिक्टर ग्रुएन हे त्याचे वास्तुविशारद. गावाबाहेर विखुरलेल्या वस्तीला चौकासारखे भेटीचे ठिकाण द्यावे, हा त्यांचा हेतू होता. प्रत्यक्षात अशा संकुलांनी गावोगावच्या जुन्या पेठा ओस पाडल्या आणि उतारवयात ग्रुएन यांनीच त्यांच्याशी आपले नाते नाकारले. तेथेही घाव घातला तो मोटारीने आणि ती उभी करण्याच्या जागेने.

जागेचा हा प्रश्न जुन्नरच्या अरुंद गल्ल्यांत रोजचा आहे. बैलगाडीच्या मापाने आखलेल्या रस्त्यात टेम्पो माल उतरवितो आणि दुकानासमोरची जी थोडी जागा उरते, तेथे सकाळपासून खुद्द मालकाची आणि नोकराची दुचाकी उभी असते! ही जागा गिऱ्हाइकासाठी सोडायला कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही. माल पहाटे उतरवावा, एवढे व्यापाऱ्यांनी आपसांत ठरविले, तरी दिवसा रस्ता मोकळा होईल.

खरा पेच घरात आहे. एक भाऊ हमरस्त्यावर गाळा घेतो, मुलगा शिकून पुण्यात राहतो आणि पेठेतली गादी वडील सांभाळतात. दुकानामागे घर, चार पावलांवर स्थानक वा मंदिर, अशी जी राहणी पेठेने घडविली, ती दुकानाबरोबर उठून हमरस्त्यावर जात नाही. चातुर्मासात महाराजसाहेबांचे प्रवचन पेठेतल्या स्थानकात सुरू होते, त्याच वेळी हमरस्त्यावरच्या गाळ्याचे शटर वर जाते. गाळा वाढवावा की गादी राखावी, याचा हिशेब अशा घरांत रात्री जेवणानंतर मांडला जातो, आणि तो बहुधा दुसऱ्या दिवसावर जातो.