आमचं फॅमिली प्लॅनिंग

"फॅमिली कधी करणार?" असं आई विचारते तेव्हा मी म्हणते, "रोज एक करते की!" ती चिडते. पण खरंच, बॉस! रेव्हिट वापरणाऱ्या आम्हा आर्किटेक्ट मंडळींकडे दार, खिडकी, टेबल, कमोड, सगळ्यांना 'फॅमिली'च म्हणतात.

रेडीमेड लायब्ररीत दारं ढीगभर. पण वाईजवळच्या एका वाड्याच्या दुरुस्तीचं काम आलं आणि लायब्ररीनं हात टेकले. दोन झडपांचं दार, जाडजूड चौकट, वर गणेशपट्टी, आतून अडसर, खाली पाय अडखळेल असा उंबरठा. अशी अकरा दारं, आणि एकाचं माप दुसऱ्याशी जुळेल तर शपथ! नव्या झडपांसाठी सागवान वाड्याच्याच जुन्या तुळयांचं, म्हणजे मोजकंच. चुकलं की संपलं.

अकरा वेळा तेच कोण काढणार? फॅमिली एकच करायची आणि मापं बदलत राहायची. गंमत अशी की, आधी दार काढायचंच नाही. आधी रेफरन्स प्लेन. सुतार लाकडाला हात घालण्यापूर्वी खुणा करतो ना, तसं. मग त्यांच्यात डायमेन्शन, डायमेन्शनला पॅरामीटरचं नाव: रुंदी, उंची. त्यानंतर लाकूड, तेही त्या प्लेनना लॉक करून. शेवटी 'फ्लेक्स': रुंदी ९०० ची १२०० करा, अख्खं दार एकत्र वाढलं पाहिजे. माझी चौकट वाढली, गणेशपट्टी मात्र तिथेच लटकत राहिली. लॉक विसरले होते! (कोरीवकामही मी हौसेनं थ्रीडीत केलं होतं. फाइल इतकी जड झाली की चहा पिऊन आलं तरी उघडेना. शेवटी बाप्पांना साध्या रेषांवर भागवावं लागलं.)

पुन्हा केलं. रुंदी फ्लेक्स झाली, उंची झाली. मी जाम खूश. शेड्यूलची प्रिंट घेऊन साइटवर गेले. सुतारकाकांनी चष्मा वर केला, कागद बघितला आणि माजघराच्या दाराला टेप लावली.

"ताई, या फटीतून मांजर येईल."

झालं होतं असं, की मी पहिलं दार मोजलं त्याचा उंबरठा होता १५० मिलिमीटर. तो आकडा फॅमिलीत तसाच ठोकून दिला, आणि झडप त्याच्यावर बसवली. माजघराचा उंबरठा ७५. म्हणजे झडप चक्क ७५ मिलिमीटर आखूड! आणखी तीन दारांचं हेच. ज्याला पॅरामीटरच दिला नाही, ते फ्लेक्स करून कसं सापडणार? कॉम्प्युटर बिचारा हूं की चूं करत नाही.

करवत अजून लागायची होती म्हणून वाचले. त्या रात्री 'उंबरठा' हा तिसरा पॅरामीटर टाकला, झडपेच्या उंचीला फॉर्म्युला दिला: उंची वजा उंबरठा. दहा मिनिटांचं काम हो! मग दुसऱ्या दिवशी काकांबरोबर अकराही दारं नव्यानं मोजली, डावीकडून आणि उजवीकडूनही. तीन दारांत दोन्ही बाजूंच्या उंचीत बोटभर फरक निघाला, जमीन खचलेली. मी लगेच चौथ्या पॅरामीटरची भाषा सुरू केली.

"ते राहू द्या," काका म्हणाले. "झडप बोटभर जास्त दाखवा. जागेवर रंधा मारून घेतो."

शेड्यूलमध्ये तेवढं वाढवलंय.